साडेतीनची गाडी

मला बोलावलं ते धंद्याचं गणित आणि एकजूट शिकवायला.
सातपूरच्या कारखान्यात सव्वीस वर्षं खरेदी सांभाळलेला माणूस मी.
व्हॉल्व्हचे भाव, उशिराचा दंड, पडून राहिलेला माल,
एवढंच येतं.

त्र्यंबक रस्त्यावरचा हॉल. पंखे तीन, चालू एक.
समोर पेठकडच्या दवाखान्याची आघाडीची फळी:
सिस्टर हेमलता गांगुर्डे, मांडीवर रजिस्टर.
लॅबचे सादिक पिंजारी.
औषधांचे महाले, किल्ल्यांचा जुडगा टेबलावर.
रुग्णवाहिकेचा तुळशीराम बेंडकुळे,
रात्रीच्या दोन खेपा अजून डोळ्यांत.
एका बाकावर दाटीवाटीनं आशाताई.
आणि दाराशी शेवंताबाई, झाडलोट करणारी.
माझ्या यादीत तिचं नाव नव्हतं.
जीपमध्ये जागा होती म्हणून आलेली.

फळ्यावर लिहिलं: ग्राहक कोण?
कुणी म्हणालं, पेशंट. कुणी म्हणालं, जिल्हा ऑफिस.
सगळे हसले. मीही.

मग खर्च काढला.
बीसीजीची एक कुपी फोडली, बाळं आली चारच,
उरलेली लस टाकून द्यावी लागली.
मी लाल खडूनं लिहिलं: वाया.
हेमलता सिस्टर शांतपणे म्हणाल्या,
"सर, त्यातलं चौथं बाळ डोंगर उतरून आलं होतं.
त्याच्यासाठी फोडलेली कुपी वाया कशी?"
मी शब्द पुसला.
लाली दिवसभर बोटांना राहिली.

जेवणानंतर गट पाडून कागदाचे मनोरे.
ज्या गटात तुळशीराम झोपला तोच जिंकला.
याचा अर्थ मला अजून लावता आलेला नाही.

मग विचारलं,
रक्त तपासायला आलेल्या बायका रिपोर्ट न घेताच का जातात?
सादिकभाई म्हणाले, मशीन जुनं.
महाले म्हणाले, लोकांना कदर नाही.
यमुना भोयेनं तोंड उघडलं, मिटलं.
मागून शेवंताबाई बोलली, भिंतीकडे बघत:
"गाडी साडेतीनची. रिपोर्ट चारला.
गाडी चुकली तर निजायचं कुठं, बाकड्यावर?
मी पुसते ना बाकडं. मला दिसतं."

रिपोर्ट चारला का?
नमुने अकराला घेतो म्हणून.
अकराला का?
नळ्या स्टोअरमध्ये, स्टोअर साडेदहाला उघडतं.
सगळ्यांची नजर जुडग्यावर.
महाले हळूच म्हणाले,
"मला कुणी कधी सांगितलंच नाही."
तेही खरंच होतं.

मांडलं मग फळ्यावर:
दुसऱ्या खेपेचं भाडं,
द्राक्षाच्या विरळणीची बुडालेली मजुरी,
कडेवरच्या पोराचं बिस्कीट.
(बिस्कीट शेवंताबाईनं धरायला लावलं.)
बेरीज आली,
आणि त्यांच्या सतरा रजिस्टरांत
तिच्यासाठी एकही रकाना नव्हता.
सव्वीस वर्षं उशिराचा दंड मी दुसऱ्याकडून वसूल केला.
इथं तो मुकाट भरत होती एक बाई,
उशीर जिचा नव्हताच.

महाले जुडग्यातून एक किल्ली सोडवू लागले.
कडी घट्ट. नख मोडलं.
सादिकभाईंनी खिशातनं चिमटा काढून दिला.
"शेवंताबाई साडेसातला येतेच तसंही."
"आणि हरवली तर?" मी विचारलं, सवयीनं.
"साहेब," पदराला गाठ मारत ती म्हणाली,
"आजवर माझ्या हातून तिथं काय हरवलंय?"

हजेरीपटावर शेवटच्या ओळीखाली
पट्टी धरून मी आणखी एक ओळ आखली.
आडनाव विचारावं लागलं. गवळे.
सर्टिफिकेट मात्र छापली होती अकराच;
बारावं पोस्टानं पाठवतो म्हणालो.
अजून पाठवायचंय.

जीप गेली. सोमवारी घोटीची मंडळी येणार,
म्हणून फळा पुसायला घेतला.
"ग्राहक कोण?" च्या खाली
कुणीतरी बारीक अक्षरात लिहून गेलं होतं:
३.३०