दोष

टार्टूच्या ग्रंथालयाचं तळघर,
बाराही महिने अठरा अंश.
विर्वेबाई हात धुऊन, पुसून,
पुन्हा एकदा पुसून बसतात.

आजचं पुस्तक एकोणीसशे अकराचं.
कणा निखळलेला, कोपऱ्यांवर मुरंबा.
तक्त्यात त्याला म्हणायचं : सेंद्रिय डाग.
आतल्या पानावर शिसपेन्सिलीचा दम :
हे लेइडाचं आहे. नेलंस तर नाक गळेल.

पान सतरा.
लांडग्याचे दोन्ही डोळे सुईनं फोडलेत.
एका टोच्यात नव्हे,
कागद भुसभुशीत होईपर्यंत.

'भोकं, दोन,' बाई दोषांच्या रकान्यात लिहितात
आणि पान उलटतात.

मागं बर्फातलं एकच घर.
चित्रकार घाईत असावा,
आभाळ नुसतं काळं फासलंय.
पण दिव्यापुढं धरलं तर
धुराड्याच्या जरा वर, चिकटून चिकटून
दोन चांदण्या.

लेइडानं हे पाहिलं होतं का?
की भीती संपल्यावर तिनं
पुस्तक मिटलं ते मिटलंच?
त्यासाठी रकाना नाही.

'दुरुस्ती' पुढं बाई लिहितात : नको.

वरून काल्यू किल्ल्या वाजवतो, पाच वाजले.
"आले, आले," म्हणतात.
पान अजून दिव्यापुढंच.