कोपरा

बॉयलर दुरुस्त करायला आलेला माणूस
पाना हातात धरून मध्येच थांबला.
"तुम्ही मिसेस हॉगबेन ना? शाळेच्या स्वयंपाकघरातल्या?"
चाळिशी ओलांडलेला, टक्कल पडत आलेलं,
पँटच्या गुडघ्यांवर काळे डाग.
"मी केल्विन. मला तुम्ही नेहमी कोपरा द्यायचात."

हो हो, केल्विन, म्हणाले मी.
खोटं.
मला चेहरे आठवतच नाहीत.
वाढायच्या फळीआडून मुलं नाकाच्या वर तेवढी दिसायची:
भांग, कपाळं, उवांच्या औषधाचा वास,
आणि पुढे केलेल्या ताटल्या.
ताटल्या विचारा, सांगते.
फिकट निळ्या, कडेला टवके उडालेल्या, एकशे चाळीस.

जिप्सी टार्ट. दर गुरुवारी.
"तसा पुन्हा कुठे मिळाला नाही," म्हणाला,
आणि बॉयलरकडे तोंड करून बराच वेळ काहीच केलं नाही त्याने.
कसं सांगू त्याला,
की गुरुवारपर्यंत आठवड्याचे पैसे संपत आलेले असत.
अंडं नको, फळ नको, लोणी नको,
आटवलेलं दूध आणि साखर घुसळली
की पातेलंभर दिसायचं, त्यातली अर्धी हवाच.
हिशेब होता तो, केल्विन.

बिलात त्याने पंधरा पौंड कमी लावले.

म्हणून दुधाचा डबा रात्रभर फ्रीजमध्ये ठेवला.
हे विसरलं तर दूध फुगत नाही, नुसतं रुसून बसतं.
मैदा, चरबी, चिमूटभर मीठ,
बोटांच्या टोकांनी चोळून रवाळ.
इथवर सगळं हाताला येतं.
पण पाणी किती? साखर किती?
एकशे चाळिसांचा अंदाज हातात मुरलाय,
चौघांचा कधी नव्हताच.
घरी आम्ही दोघं, आणि रेजिनाल्ड गोड खात नसे.
विजेच्या बिलाच्या पाकिटावर भागाकार मांडला.
उत्तर आलं साडेतीन चमचे,
कशाचे ते लिहायचं राहिलं.

साखर काळपट, ओलसर,
मुठीत दाबली की मुठीचा आकार धरणारी.
मिक्सर पंधरा मिनिटं ओरडतो.
खिडकीबाहेर शीअरनेसचा समुद्रबांध, फेब्रुवारी,
कुत्र्याची वाट बघत उभी एक बाई,
आणि भांड्यात हळूहळू तो रंग:
दूध जास्त झालेल्या चहाचा.
चमच्याने ओढलेली रेघ दहा आकडे टिकली पाहिजे.
टिकली.

कोरड्या वाटाण्यांचं वजन ठेवून भाजलेल्या कवचात ओतलं.
दहा मिनिटं, मंद.
बाहेर काढला तेव्हा वरून चकाकत होता,
बोटाला चिकटणारा,
मधोमध किंचित थरथरता.
अगदी तोच.

आणि गोल.

घरातला एकुलता एक साचा, लग्नात आलेला, गोल.
सुरी घेऊन मी उभी.
गोलाला कोपरा कुठून आणायचा?

शाळेत चार ट्रे असायचे. सोळा कोपरे.
कोपऱ्याला दोन बाजूंनी कवच, जास्त खरपूस, जास्त पोटभर.
सोळा कुणाला जायचे हे मी ठरवत नसे,
हातच ठरवायचा.
जी ताटली दोन्ही हातांनी धरलेली असे.
जी रांगेत फार लवकर येई.
जेवण झाल्यावर जी परत यायची
तेव्हा धुवायची गरजच नसे,
ग्रेव्हीचा डागसुद्धा चाटून नेलेला.

केल्विन, तुझा चेहरा अजून नाही.
ताटली आठवली.

गोल टार्ट शेजारच्या ऑड्रीकडे पाठवून दिला.
रविवारचं मांस भाजायचा चौकोनी ट्रे
तारेच्या घासणीने घासघासून काढला.
दुसरा डबा फ्रीजमध्ये.
सोमवारी तो व्हॉल्व्ह बसवायला येणार आहे.
सोबत हिरव्या सफरचंदाची फोड असायची, ती आणायला हवी.

चार कोपरे.
तीन त्याचे.
एक मी खाणार, बसून.
सव्वीस वर्षांत चाखून बघितला नाही,
कसा लागतो कोण जाणे.