दर दहावा गड्डा

फेर्मिना दर दहाव्या गड्ड्यापाशी बसते.
पान उलटते, शिरेच्या आडोशाला बघते
आणि मनगटावर पेनानं रेघ ओढते.
वही धुक्यात भिजते, म्हणून मनगट.

मी बांधावर उभा, पाठीवर सोळा लिटर.
पट्टा खांद्यात रुततोय.
तीन बाटल्यांतलं पहाटेच एकत्र केलंय,
कोणतं किती ते विचारू नका,
झाकणानं मोजतो, बापही झाकणानंच मोजायचा.
आमच्या बोलीतही त्याला औषधच म्हणतात.
आजारी कोण, ते कुणी सांगत नाही.

"थांब, डेल्फिन," ती म्हणते.

अटोकच्या या उतारावर थांबायला जागा कुठाय?
पायरीवर पायरी कोबी, खाली ढग,
ढगाखाली रस्ता,
आणि शुक्रवारी त्या रस्त्यानं बालांगेनचा ट्रक.
तो प्रत्येक भोकात करंगळी घालून बघतो
आणि भाव पाडताना हसतो.

पतंग तो केवढासा!
मिटल्या पंखांवर ओळीनं चौकोन,
कुणी फुरसतीत विणल्यासारखे.
त्याची अळी, बोट लागलं की अंग झटकून
धाग्यावर लोंबकळते.
मी पुढे सरकलो की त्याच धाग्यानं वर,
अर्धं राहिलेलं जेवण पुरं करायला.
गेल्या हंगामात मी आठ फवारे मारले.
अळ्यांनी आठही पचवले.
माझा मात्र वास गेला.
आल्याचा गेला, चुलीच्या धुराचा गेला,
धाकट्याच्या टाळूचाही.

"इकडे ये. पंप घेऊनच ये हवं तर."
ती भिंग माझ्या डोळ्याला लावते.
पानाखाली दोन कोश.
एकाची जाळी विरळ, आत हिरवट जीव आरपार दिसतो.
दुसऱ्यात जाळीच्या आत आणखी एक कोश,
घट्ट, तपकिरी, कमरेला फिका पट्टा,
बोटभर नाही, तांदळाभर पिंप.

"यातून पतंग नाही निघायचा.
बारीक गांधीलमाशी निघेल.
तिच्या आईनं जित्या अळीत अंडं घातलं,
पोरीनं अळी आतून खाल्ली
आणि तिच्याच रजईत झोपली."

"चांगली पाहुणी आहे," मी म्हणालो.

"तुझं औषध आधी हिला मारतं.
अळीला सवय झालीय. हिला नाही."

पाठीवरचं सोळा लिटर
तेव्हा एकदा डुचमळलं.

तीस गड्डे. एकेचाळीस अळ्या. एकोणीस पिंपं.
ती आकडे सांगत राहिली, मी शुक्रवार सांगत राहिलो.
मग ती शहरातून शिकून आलेली बहीण राहिली नाही,
लहानपणी माझ्या वाटचं रताळं खाऊन
"नाही खाल्लं" म्हणणारी झाली,
आणि मी पट्टा उतरवला.
का, ते अजून नीटसं सांगता येत नाही.
बहुधा खांदा दुखत होता.

पण ते ओतायचं कुठे?
वरच्या पायरीवर टेंगायांचे बटाटे,
खाली झरा, झऱ्यावर अख्ख्या वस्तीचा पाइप.
माझ्याच रानात मला
चार हात जमीन सापडेना
जिला मी हे पाजू शकेन.
पंप भरलेलाच शेडमध्ये ठेवला, कुलूप लावून.
रात्री कुलपाकडे बघत राहिलो,
आत कुणी ओळखीचं कोंडल्यासारखं.

शुक्रवारी आम्ही गड्ड्यांची वरची पानं सोलली,
दोन, कुठे तीन, कुठे पाच.
भोकं सगळी रानात राहिली,
पांढरं, काही न झाल्यासारखं ते ट्रकमध्ये चढलं.
वजन घटलं. बालांगेननं भावही थोडा पाडला, सवयीनं.
फेर्मिना काही बोलली नाही,
सोललेल्या पानांतली पिंपं वेचून
बांधावरच्या डब्यात ठेवत होती, झाकण उघडं.

पुढच्या रोपांत आता मी एकटाच बसतो.
ती खालच्या वस्तीत मोजायला गेलीय.
दहावा गड्डा उलटला: दोन अळ्या, एक पिंप.
अकरावा हिशेबात नव्हता,
तरी उलटला.
काहीच नाही.

काहीच नसेल तर रेघ ओढायची का,
हे तिला विचारायचं राहिलं.