अधिवेशनाचा वृत्तांत, मतदारसंघ एकशे नऊ

आदरणीय मतदारहो,
एवढं लिहून पावणेदहापासून पेन थांबलंय.
डनीस म्हणते, तीनशे शब्द, एक फोटो,
'लढले' दोनदा चालेल, 'दुर्दैवानं' एकदाही नको.
सरोवरावरचा बर्फ आता तडकत असेल तुमच्याकडे.
राजधानीतल्या या खोलीत, चारशे मैलांवर,
मला ऐकू येतो तो फक्त वरच्या मजल्यावरचा व्हॅक्यूम क्लीनर.

पहिली बातमी चांगली.
हरणांच्या शिकारीचा हंगाम सहा दिवसांनी वाढला.
एकशे सात विरुद्ध शून्य.
त्या दुपारी कुणी कुणाच्या अंगावर धावून गेलं नाही,
दोन्ही बाकांवर एकाच खोक्यातले डोनट फिरले.

दुसरी, शाळेच्या बसचं डिझेल.
अनुदान मंजूर आहे, पैसे कुठून आणायचे तेवढं ठरायचंय.
भिजत घोंगडं, मला कळतं.
मिस्टर रुओनावारा, तुमची चारही पत्रं माझ्याकडे आहेत.
वाक्य एकच, दर वेळी जास्त दाबून लिहिलेलं.
चौथ्यात पूर्णविरामाशी कागद फाटलाय.

तिसरी.
इथं डनीसनं आयतं वाक्य दिलंय:
'ग्रामीण प्रसूती विभागांचं विधेयक
अभ्यासगटाकडे पाठवण्यात आलं.'
पाठवण्यात आलं.
जणू ते आपणच उठलं, डबा घेतला,
आणि कोपऱ्यावर जाऊन बस पकडली.

मी पाठवलं.
समितीचे अध्यक्ष मार्गिकेत सफरचंद खात होते.
म्हणाले, एलिन, तुला तुझा पूल हवाय ना?
ओढ्यावरचा, ज्याचा कठडा दोन वर्षांपूर्वी
लाकडाच्या ट्रकनं नेला, तो?
मग या आठवड्यात त्या दवाखान्याचं फार ताणू नकोस.
बी चावली गेली असावी, त्यांनी तोंड वाकडं केलं.
मी म्हटलं, बघते.
आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वाअकराला
बघितलं नाही, हात वर केला.

पूल होईल. जूनमध्ये खांब, ऑक्टोबरात डांबर.
पाटीवर माझं नाव नको असं मी सांगितलंय,
दोनदा, पण हळू आवाजात.

बिर्गिट हापाला, हे तुझ्यासाठी,
आणि हे छापलं जाणार नाही.
फेब्रुवारीत तू निघालीस तेव्हा
जवळचा विभाग बंद होऊन अकरा दिवस झाले होते.
नव्वद मैल. साठाव्या मैलावर पेट्रोलपंप,
बर्फ हटवणारा आर्वो गाडी आडवी लावून
पाठ करून उभा, टॉर्च मागं धरलेली,
आणि तू त्याच्यावर ओरडत होतीस म्हणे,
नीट धर, अरे नीट धर.
पोरगी साडेसहा पौंडांची. मी कार्ड पाठवलं होतं.
कार्डावर बदक होतं.

आता हिशेब असा की
पुढची बाई त्याच रस्त्यानं जाईल,
त्याच नव्वद मैलांनी,
फक्त ओढ्यापाशी तिला वेग कमी करावा लागणार नाही.
दीड मिनिट वाचेल.
हे मी रस्ते विभागाकडून विचारून घेतलं.
का विचारलं, सांगता येणार नाही.

व्हॅक्यूम थांबलाय.
डनीसला उद्या आठला मजकूर हवा.
तिचं वाक्य मी खोडलं, पुन्हा लिहिलं,
मग 'पाठवण्यात आलं' खोडून 'मी पाठवलं' केलं.
ती ते बदलेल. मग मी परत बदलेन.
कुणाचा धीर आधी सुटतो, बघू.

शेवटी 'आपली' लिहून सही करायची पद्धत आहे.
इतकी वर्षं हा शब्द न वाचताच लिहीत आले.
आज त्याच्यापुढं जागा सोडून
सही जरा खाली केलीय,

एलिन ताक्काला.