बोट

चौकशीच्या कागदावर ‘कारण’ या शब्दापुढे
एकच ओळ आखलेली असते.
मी लिहिलं : नजरचुकीने.
खाली सही, दुकानाचा शिक्का, तारीख.

त्या ओळीत मावलं नाही ते असं :
दाभोळच्या जेट्टीवर शेवटच्या फेरीचा भोंगा झालेला,
द्रौपदी वासावेचा एक पाय पायरीवर, एक रस्त्यावर,
“दे रे परकारांच्या पोरा, बोट सुटतेय.”
काखेत टोपली, टोपलीत न खपलेले दोन बांगडे,
आणि सांध्यासांध्याला गाठ आलेली तिची बोटं,
ज्यांच्यासाठी चिपळूणच्या डॉक्टरांनी
दोन गोळ्या लिहिलेल्या.
दोन्ही पिवळ्या. दोन्ही मसुराएवढ्या.
एक रोजची,
दुसरी आठवड्यातून एकदाच.

डॉक्टरांनी लिहिलं नव्हतं असं नाही.
‘आ. १’ लिहिलं होतं,
दाराबाहेर साठ माणसं खोकत असताना.
मी ते वाचलंही.
वीज गेलेली, मोबाइलचा उजेड दातांत धरलेला,
हाताखालचा पोरगा शिमग्याला गावी,
कंपनीने मागच्याच महिन्यात पाकिटाचा रंग बदललेला.
‘ही फक्त बाजारच्या दिवशी’
हे वाक्य जिभेवर आलं होतं.
पुन्हा भोंगा झाला.
दोन्ही पुड्यांवर मी एकेक उभी रेघ ओढली.
कळलं, म्हणाली.

रेघेला वार नसतो.

नऊ दिवस तिने दोन्ही गोळ्या नेमाने घेतल्या.
एवढा नेम तिने पाळला नसता तर!
दहाव्या दिवशी तोंड आतून सोललेलं,
पेजसुद्धा उतरेना.
रत्नागिरीला एकवीस दिवस.

कुणाची चूक, हे सगळ्यांनी विचारलं.
तिच्या मुलाने नाही विचारलं. तो जाळं शिवत होता,
मान वर न करता म्हणाला,
आधी कुठली गाठ सुटली
ते फाटल्यावर नाही सांगता येत.

ती आली परत, विरळ केसांवर पदर ओढून.
“तू तरी काय करशील? बोट सुटत होती ना.”
शिवी दिली असती तर झोप लागली असती.

आता तिचं औषध दुसरं आहे, पण तेही आठवड्याचंच.
ते मी वेगळ्या डबीत देतो, झाकणाला नायलॉनचा दोरा,
आणि समोरच्याने उलट सांगेपर्यंत
डबी हातातून सोडत नाही. लोक चिडतात.
काल म्हटलं, सांग, किती वेळा?
सोमवारी, म्हणाली.
किती वेळा?

भोंगा झाला.
तिने वळूनही पाहिलं नाही.
तिचं ते वाकडं बोट वर केलं,
एकच,
आणि तिच्या पाठीमागे
बोट सुटली.