बोट लागते

बारा वर्षं मुहू बेटाच्या फेरीबोटीवर
कागदी पिशव्या वाटतेय मी.
वारा फिरला की कोण पांढरं पडणार
ते तिकीट तपासतानाच कळतं मला.
मला स्वतःला कधी बोट लागली नाही.

आणि आता घरात, न हलणाऱ्या जमिनीवर,
नळाच्या पाण्याला वास येतो.
आंदोच्या साबणाला, मांजराच्या ताटलीला,
कालच धुतलेल्या अभ्र्याला.
सगळं घशाशी येऊन थांबतं,
किंवा थांबत नाही.

दिवस गेलेत. आठवा आठवडा.
गेलेत म्हणायचं नुसतं.
सकाळचे सहा ते सात
संपता संपत नाहीत.

"डोकं उचलायच्या आधी खायचं,"
इंजिनवाला काल्यो म्हणाला, कानातला कापूस न काढता.
तीन मुलांचा बाप, त्याला काय विचारायचं!
पण काळ्या पावाच्या कडा
त्यानं गरम पाइपावर वाळवल्या,
खिळ्यांच्या डब्यात भरून दिल्या.
उशाशी ठेवते. अंधारात कुरतडते
एकेक कडा, पडल्या पडल्या, उंदरासारखी.
डिझेलचा किंचित वास आहे त्यांना.
नवल म्हणजे तो चालतो.

आलं नाही चाललं.
कॅफेतल्या माल्लेनं किसून, उकळून, मध घालून दिलं,
सगळ्यांना लागू पडतं म्हणाली.
मी ते कठड्यावरून समुद्राला दिलं.
लिंबाची फोड बरी. खिशात असते,
तळणीच्या दारावरून जाताना नाकाशी.

मग हरवलेल्या वस्तूंच्या खोक्यातून
दोन करडे मनगटी पट्टे काढले,
आत गुंडी असलेले. वर्षानुवर्षं विकले
आणि मनात हसले.
मनगटाच्या घडीपासून तीन बोटं खाली,
दोन शिरांच्या मधे दाबायचं.
गुंडीनं बरं वाटतं
की दाबत बसल्यानं, कोण जाणे.
दुपारी अर्धा बटाटा पोटात राहिला.

आज एक शाळकरी पोरगा, ओठ निळसर.
मागच्या डेकवर नेला, गार वाऱ्यात,
माझा एक पट्टा त्याला चढवला.
दुसऱ्याकडे बघत म्हणाला,
"तुम्हालाही बोट लागते?"
"नाही रे. मला जमीन लागते."

त्याला काही कळलं नाही. हसला मात्र.
भोंगा झाला, दोर पडला,
बोट धक्क्याला लागली.
सगळे उतरले. मी कठडा धरून
अजून जरा वेळ तिथेच.