जकातघर

एतेल्काबाईंच्या कडीत तीन चाव्या :
सिनेगॉगची, जिथे आता दहा माणसं जमत नाहीत,
मिठाच्या कोठाराची,
आणि पुलाकाठच्या जकातघराची. ही अडते.
दाराला खांदा लावून म्हणतात,
"नदी फुकट दिसते, हिला मात्र जोर लागतो."

आत भिंतीवर पुराच्या रेघा,
प्रत्येकीपुढे साल.
सगळ्यात वरची माझ्या डोक्याच्याही हातभर वर.
मी फोटो काढते.

मग कमरेशी दिसतात पेन्सिलीच्या खुणा :
बोरिश्का, पाच. बोरिश्का, सहा.
सात नाही.

"बुडाली?"
"छे हो! जकात उठली,
बाप देब्रेत्सेनला गेला रेल्वेत.
माझी आई ती."

निघताना त्या बाहीने भिंत पुसतात,
तिसाच्या रेघांवरून खसाखसा,
पेन्सिलीपाशी येऊन
हात उचलतात.